ओढायचं, फुंकायचं नाही

मी जिद्दीने बरा झालो, असं घरचे सगळ्यांना सांगतात. ते खरं नाही, आणि आता ते ऐकूनही थकवा येतो.

न्यूमोनियानंतर माझी छाती इतकी दुबळी झाली होती, की अंघोळ करतानाही धाप लागायची. त्या भीतीने मी उठणंच सोडलं होतं. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामासाठी मुलगी मला राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात सोडायची. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा असायचा. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला. दोघांच्याही हातात तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढला की त्यातले चेंडू वर जातात. हा मात्र गाल फुगवून फुंकायचा आणि चेंडू जागचे हलत नसत.

"आजोबा, ओढायचं, फुंकायचं नाही!" तिथल्या बाई रोज ओरडायच्या.

"व्हय की. पर तोंडात नळी आली की गाल ऐकत न्हाईत."

मी हसायचो आणि हसता हसता खोकायचो.

एकदा वैतागून मी यंत्र खाली ठेवलं. "उद्यापासून येत नाही," म्हणत उठलो.

त्याने माझी बाही धरली. "बसा की पावणं. तुमी गेलासा तर मला हसायला हितं कोन हाय?"

मी बसलो. हळूहळू जिना चढू लागलो, झोप लागू लागली, छातीतली भीती गेली. माझा तिसरा चेंडू वर गेला, तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. त्याचा पहिलाच अजून जेमतेम हलत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. माझं काम झालं होतं.