भागाकाराच्या बाई

"घाई करावी ती दूध उतू जाताना. गणिताला कसली आलीय घाई!"

हे वाक्य बाई रोज एकदा तरी म्हणतच. पाचवीतलं एखादं पोर उत्तरासाठी धापा टाकू लागलं की त्याच्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत. पोर हसे, श्वास घेई, आणि भागाकार सुटे. अशा किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या! शाळेत नाव पडलं ते 'भागाकाराच्या बाई'. बाजारातही लोक त्याच नावानं हाक मारत, आणि बाई ओ देत.

मग बारावीला गणित शिकवणारे सर शाळा सोडून गेले. जाहिरात दिली, कुणी फिरकलं नाही. एका सकाळी हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"पदवीला तुमचं गणित होतं ना?"

"होतं सर. पण त्याला आता गंज चढलाय."

"मग घासा. पाचवी सांभाळून या सत्रापुरता वर्ग घ्या. जमलं तर पुढेही तुमचाच. नाही जमलं तर मला तो विषय बंद करावा लागेल. मग ज्यांना हे गणित शिकायचंय, त्यांनी रोज शहरापर्यंतची रपेट करायची."

बाई "बघते" म्हणाल्या. खरं तर त्यांना तिथेच नाचावंसं वाटत होतं. कॉलेजात असताना त्यांना हेच व्हायचं होतं, मोठ्या मुलांना मोठं गणित शिकवणारी बाई. मग लग्न, मुलं, पाचवीची नोकरी. ती इच्छा त्यांनी घडी घालून कुठेशी ठेवली होती, आणि इतकी नीट ठेवली होती की घरात कुणाला तिचा पत्ताही नव्हता.

बाईंचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन खडखडे आणि मागच्या खोलीत बाई सकाळी सकाळी जाडजूड पुस्तक उघडून बसत. एकेक उदाहरण सोडवत, मग मिटल्या डोळ्यांनी म्हणून बघत.

"अगं, गणित करतेस की पोपट पढवतेस?" नवरा तोंडातल्या टाचण्या सांभाळत विचारी.

"तुम्ही तुमची बटणं शिवा."

पण त्याचं चुकत नव्हतं. बाई घाबरल्या होत्या. पाचवीत त्यांना कुणी काहीही विचारलं तरी पाय घट्ट असत. इथे पायाखाली वाळू होती. मिसरूड फुटलेली ती मुलं, त्यांच्यापेक्षा उंच. म्हणून बाई वर्गात शिरत त्या थेट फळ्याकडे. मुलांकडे पाठ करून भराभर लिहीत, उत्तराखाली दोन रेघा ओढत आणि कुणी तोंड उघडायच्या आत डस्टर फिरवत. वर्ग गप्प असे. गप्प आहेत म्हणजे समजतंय, असं बाई स्वतःला सांगत.

चाचणीचे पेपर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. अर्ध्याअधिक मुलांनी बाईंचीच उदाहरणं जशीच्या तशी लिहिली होती. प्रश्नात आकडे वेगळे, उत्तरात बाईंचे! पोपटानं पोपट पढवले होते.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची मुलगी हेडसरांकडे गेली. ही मागच्या बाकावर बसे, विचारल्याशिवाय बोलत नसे. "सर, मला हा विषय सोडायचाय," एवढंच म्हणाली. तिच्यामागे आणखी दोघं दाराशी चुळबुळत उभे होते.

हेडसर बाईंना म्हणाले, "बुधवारी मी तुमच्या तासाला येऊन बसतो. मग काय ते ठरवू. तोवर त्या मुलीलाही थांबायला सांगितलंय."

बुधवारी हेडसर शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. बाईंनी फळ्यावर एक वक्ररेषा काढली. मधल्या आडव्या रेघेला छेदून जाणारी, उजवीकडे वर चढणारी, डावीकडे तशीच खाली उतरणारी. या रेषेच्या आणि आडव्या रेघेच्या मधली जागा किती, ते काढायचं होतं. बाईंनी फक्त उजवी बाजू पाठ केली होती. ती त्यांनी झरझर सोडवली. उत्तर आलं, एक चतुर्थांश.

"बाई," वर्गातला लंबू उठला. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वात्रट. "दोन्ही बाजूंची जागा एकदम काढली तर?"

एरवी त्यांनी "ते उद्या" म्हणून वेळ मारून नेली असती. पण मागे हेडसर. त्यांनी खडू उचलला, डावीकडून उजवीकडे सगळं एकदम घेतलं, ओळीखाली ओळ मांडत गेल्या. शेवटी उत्तर आलं, शून्य.

"घ्या!" लंबू म्हणाला. "एवढी जागा डोळ्यांना दिसतेय आणि हिशेबात गायब!"

वर्ग खो खो हसला. बाईंचे कान तापले. हात आपसूक डस्टरकडे गेला, फळ्याला टेकला, आणि थांबला.

पाचवीत त्यांनी कुणाचं चुकलेलं उदाहरण कधी पुसू दिलं नव्हतं. चूक समोर ठेवायची, वरपासून वाचायची, कुठे वाट सुटली ते मुलानंच शोधायचं, ही त्यांची रीत. आणि इथे सत्रभर त्या स्वतःच पुसत आल्या होत्या.

त्यांनी डस्टर खिडकीत ठेवलं आणि मुलांकडे तोंड केलं.

"हे चुकलंय. कुठे चुकलंय, ते मला माहीत नाही."

हसू एकदम विरलं. बाई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. "सरक रे जरा. आता पहिल्या ओळीपासून वाचूया. जिथे पटणार नाही तिथे मला अडवा."

पहिली ओळ वाचली, पटली. दुसरीही पटली. तिसरीला लंबूनं अडवलं, पण त्याचाच घोटाळा निघाला. "बस खाली, मोठा आलास!" कुणीतरी ओरडलं. मग पुढच्या ओळी पुन्हापुन्हा वाचल्या. बाई फळ्याकडे बघत होत्या, खरोखर शोधत होत्या, आणि ते मुलांना दिसत होतं.

"बाई." बेकरीवाल्याची मुलगी उभी राहिली होती. "डावा तुकडा रेघेच्या खाली आहे. तो वजा धरला जातोय. आपण एका तुकड्यातून दुसरा वजा करतोय. म्हणून शून्य."

"कशावरून?"

"वेगवेगळे काढून बघू?"

"मला काय विचारतेस? ये की पुढे."

मुलगी आली. तिचं अक्षर बारीक. उजवा तुकडा एक चतुर्थांश, डावा वजा एक चतुर्थांश. "जागा कधी वजा नसते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, वजाचं चिन्ह सोडून दिलं आणि दोन्हींची बेरीज केली. अर्धा.

"बरोबर आहे का बाई?"

बाईंनी मान वळवली. "लंबू, तुला पटलं?"

"पटलं," लंबू म्हणाला. "जागा सापडली बुवा!"

घंटा झाली तरी दोघंतिघं फळ्यापाशीच रेंगाळत होती. हेडसर गुडघे चोळत बाहेर आले.

"तुम्हाला खरंच येत नव्हतं?"

"नव्हतं सर."

"आणि तसं सरळ सांगून टाकलंत. उद्या पालक विचारतील, बाईंनाच येत नाही तर—"

"विचारू देत. जे येत नाही ते मी शिकून घेईन. पण आता पाठ करून यायची नाही."

तेवढ्यात बेकरीवाल्याची मुलगी दाराशी आली. "सर, ते मी विषयाचं बोलले होते ना... ते राहू दे."

"हं," हेडसर म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी पाचवीला दुसरं कुणीतरी बघतो. हा वर्ग तुमचा."

बाईंना हवं होतं ते मिळालं, आणि काळजात बारीकशी कळही आली. व्हरांड्याच्या टोकाला पाचवीचा कलकलाट चालला होता. पुढचा तास तिथलाच.

"येते सर," म्हणून त्या निघाल्या. पदरावर खडूची पूड, चाल नेहमीसारखी संथ. हेडसर आपल्या खोलीकडे वळले. दाराच्या चौकटीला टेकून बेकरीवाल्याची मुलगी मात्र बघत राहिली, बाई पाचवीच्या दारात शिरेपर्यंत आणि आतला गोंगाट शांत होईपर्यंत.