पप्पांच्या आवाजात

शिकायला बाहेरगावी निघालो तेव्हा पप्पा गॅलरीत उभे होते, सोनिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये घशातलं स्वरयंत्रच काढून टाकलेलं. मग रिक्षात बसून मीच त्यांच्या आवाजात ओरडलो, "टॉवेल घेतलास का रे, गाढवा?" आणि माझ्या आवाजात वर उत्तर दिलं, "घेतला, पप्पा!" आईने हसत हसत डोळे पुसले. नवीन वॉचमन मात्र एकदा वर बघत होता, एकदा माझ्याकडे.

नकला हा आपला जुना धंदा. शाळेतले सर, उल्हासनगरचे कपडेवाले सिंधी अंकल, सगळे घशात फिट. ऑपरेशननंतर पप्पाही त्यात आले. आनंदनगरच्या कंपनीतले त्यांचे दोस्त फोन करायचे. पप्पा ओठ हलवायचे, मी बोलायचो. पलीकडून दोस्त विचारायचा, "अरे... तूच ना?"

आता लांब दक्षिणेत बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायोलॉजी शिकतोय. जेवायला सांबार, बोलायला हिंदी-इंग्लिश. पोरांनो, जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना कळेल, दिवसभर तोंडातून मराठी निघतच नाही. निघते ती फक्त घरच्या कॉलवर, तीही पप्पांच्या आवाजात.

लॅबमध्ये माझ्याकडे पेशी सांभाळायला दिल्यात. कुणाच्या तरी घशातल्या गाठीतल्या. माणूस कधीच गेला. पेशी चपट्या बाटलीत, अंगाएवढ्या उबेत, मस्त वाढतायत. मी त्यांच्या खाण्याचं गुलाबी पाणी बदलतो. बाजूला कुणी नसलं की पप्पांच्या आवाजात विचारतो, "जेवलात का रे?" आधी हसू यायचं.

व्हिडिओ कॉलवर पप्पा ओठ हलवतात, मी इकडून बोलतो. "अगदी हेच!" आई खूश. गेल्या रविवारी मी बोलून मोकळा झालो, "मोबाईल ठेव, अभ्यास कर." मग पप्पांचे ओठ हलले. तेच शब्द. नंतर. आई हसायची थांबली.

पप्पांनी मान हलवली. मला वाचता यावं म्हणून सावकाश ओठ हलवले: "माझं राहू दे. तू बोल. तुझा आवाजच ऐकला नाही किती दिवसांत."

"हो पप्पा," मी म्हणालो. त्यांचाच आवाज. खाकरून पुन्हा म्हणालो. पुन्हा तोच.

"नाटकं करतोयस ना रे?" आईने विचारलं.

पप्पा मोबाईलजवळ सरकले. त्यांनी कान स्क्रीनला लावला. आता रोज कॉल लागला की आधी तो कानच दिसतो. माझं घर सध्या एवढंच आहे, स्क्रीनभर कान. आणि इकडे मी, घसा साफ करतोय.