पाच रेघा आणि पट्टा

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. भूकंपात गावाकडच्या घराची भिंत त्यांच्या उजव्या हातावर पडली आणि दोन बोटं गेली. वाजवणं सुटलं, मारणं सुरू झालं. आधी आईला, मग मलाही. पट्टा डाव्या हातानं चालायचा.

बारावीला त्यांनी मला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं. क्लासच्या वाटेवर सायबर कॅफे होता. तिथल्या कॉम्प्युटरवर मला एक प्रोग्रॅम सापडला. त्यात नुसती अक्षरं टाइप करून बँडचं नोटेशन लिहिता यायचं. सी, डी, ई. पुढं चार लिहिलं की एक ठोका, आठ लिहिलं की अर्धा. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर स्वर एकही दिसायचा नाही, नुसती चुकांची यादी. पण जमलं की पाच रेघांवर काळे ठिपके छापल्यासारखे उभे राहायचे. ते वाचायला अण्णांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. त्यांची नोटेशनची वही भूकंपात घराच्या ढिगाऱ्यात पावसानं भिजली होती, हात लावला की पान तुटायचं. ती मी चोरून नेऊन उतरवत होते.

चार दिवस क्लास बुडाला, घरी फोन गेला. अण्णा कॅफेत आले आणि त्यांनी माझी वेणीच धरली. मला खुर्चीसकट खाली पाडलं. टेबलाची कड लागून ओठ फाटला.

"क्लासच्या नावाखाली इथं काय करायलीस?" पट्टा पाठीवर, मानेवर, कानावर बसत होता.

कॅफेवाला मधे पडला. "काका, मरंल की पोरगी!"

त्याला ढकलताना टेबलावरचे माझ्या नोटेशनचे छापील कागद खाली पडले. अण्णा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"कोणी लिव्हलं हे?"

"मी."

"तिसऱ्या ओळीत अर्धा ठोका कमी हाय," ते म्हणाले आणि त्या चुकीसाठी पुन्हा एक थोबाडीत दिली.

त्या दिवसापासून क्लास सुटल्यावर ते कॅफेत माझ्यामागं बसू लागले. वहीतलं पान वाचता आलं नाही की तोंडानं गाऊन दाखवायचे. चुकलं की टपली, फारच चुकलं की कान पिरगाळायचे. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांचा स्वर ऐकावासाही वाटायचा.

वहीचं शेवटचं पान उतरवायला घेतलं, त्या दिवशी घरी त्यांनी आईवर पट्टा उचलला. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, एवढंच. मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कट्‌ असा आवाज झाला. अण्णा ओरडले, भिंतीला टेकून खाली बसले. मला वाईट वाटलं नाही. ते वाईट न वाटणं मला अजून छळतं.

आईला घेऊन मी मावशीकडे नांदेडला आले. डॉक्टर झाले नाही. इथल्या बँडवाल्यांना मी नोटेशन लिहून देते. अण्णांच्या वहीतल्या सगळ्या चाली आता या बँडवाल्यांकडे आहेत. अण्णा त्या ऐकायला कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.