मुक्काम घरी केला नाही

फौजेत मी भल्याभल्या साहेबांना भ्यालो नाही, पण एका कागदाला फार भ्यालो. तो म्हणजे टेम्पररी ड्यूटीच्या भत्त्याचं बिल. युनिट सोडून काही दिवस दुसऱ्या गावी कामाला पाठवलं, की जाण्यायेण्याचं भाडं आणि रोजचा भत्ता मिळायचा. आमचा हवालदार क्लार्क हा साहेब लोकांचे इन्कम टॅक्सचे कागदही भरून द्यायचा, त्यामुळे तो स्वतःला वकीलच समजे. तो सांगायचा, हा भत्ता म्हणजे कमाई नव्हे, म्हणून त्यावर टॅक्स नाही. हा घर सोडून राहण्याचा खर्च आहे. घरी जाऊन झोपलात तर खर्च कसला? बिलाच्या तळाशी तशी ओळच होती, की या दिवसांत मी माझ्या घरी मुक्काम केला नाही. तिच्याखाली सही करायची. एका नायकानं तिथं खोटी सही केली आणि त्याच्या बाहीवरच्या फिती गेल्या. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

चीनच्या लढाईनंतर भरती जोरात सुरू झाली आणि भरतीच्या टोळीत माझं नाव लागलं. नऊ दिवस, यवतमाळ. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. माझं गाव बाभुळगावच्या पलीकडे, यवतमाळहून बसनं तासाभराच्या रस्त्यावर. शिवाय दोन महिन्यांपूर्वी गावच्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं होतं, की बाबांच्या खोकल्यातून रक्त पडतंय.

आमच्या सुभेदारांना हे ठाऊक होतं. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "दोन दिवस रजा लिहितो. बापाला भेटून ये."

भत्ता आगाऊ हातात पडला होता. रजा घेतली तर दोन दिवसांचा परत भरावा लागणार, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर गेलं तर परतीची बस नव्हती, म्हणजे मुक्काम घरीच. मी म्हणालो, "नको साहेब, काम आटोपलं की शेवटच्या दिवशी जाईन." माझी कर्तव्यनिष्ठा पाहून सुभेदार खूश झाले. खरं कारण लिहायला आजही लाज वाटते. यवतमाळच्या बाजारात एका दुकानाच्या काचेत मनगटी घड्याळ होतं, आणि नऊ दिवसांचा भत्ता पुरा राहिला तरच ते येत होतं. एवढंच होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा गाढव होतो.

एका शाळेच्या मैदानावर आमचं काम चाले. मी टेप घेऊन छात्या मोजायचो. बोरी अरबकडची, दारव्ह्याकडची पोरं रांगेत उघडी उभी असायची. छाती फुगव म्हटलं की डोळे फुगवायची. आम्ही हसायचो. आमच्या शिवाराजवळची दोन पोरं दिसली तेव्हा मात्र मी टेप दुसऱ्याच्या हातात दिली आणि पाण्याच्या नळाकडे निघून गेलो. मी इथं आहे ही बातमी घरी पोचायला नको होती.

नवव्या दिवशी हुकूम आला, टोळीनं थेट वणीला जायचं. नऊ दिवस होते तेव्हा गेलो नाही, आता जायचं म्हटलं तर वेळ नव्हता. बस सुटायच्या आधी मी घड्याळ घेतलं. वणीहून परस्पर युनिटात आलो, बिल भरलं, त्या ओळीखाली बेधडक सही केली. क्लार्कनं माझ्या बिलातली एक पैही कापली नाही.

तीन आठवड्यांनी तार आली. मी गावी पोचलो तोवर सगळं उरकून चार दिवस झाले होते. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून माय बसली होती. घड्याळ मी आधीच खिशात टाकलं होतं.

रडणं झाल्यावर ती म्हणाली, "आमी तुले पाह्यलं होतं, यवतमाळले."

"कवा?" मी विचारलं.

"दवाखान्यात नेलतं तुह्या बापाले. येताना शाळेपाशी गर्दी दिसली. पाह्यतो तं तू. पोराइच्या छात्या मोजून राह्यलता. तुहा बाप झाडाखाली बसला तं उठेच ना. त्याले जवानीत भरतीच्या गेटावूनच हाकललं होतं, जात इचारून. दुपारपावतर बसला. खोकला आला का तोंडात धोतर कोंबे."

"मंग आवाज काहून नाही देला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी उठली होती. त्यानं हात धरला. म्हने, ड्यूटीवर हाये तो, त्याले कायले अडचन? काम झालं का येईनच घरी."

ती पदरानं तोंड पुसत राहिली. त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले, हे मी विचारलं नाही. बसच्या वेळेला बाबा रोज ओट्यावर येऊन बसत, हे पुढे शेजाऱ्यांनी सांगितलं. मायनं मात्र माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी का आलो नाही याचं उत्तर स्वतःच पुढे केलं.

"तुले सोडलं नसन साहेबाइनं."

"नाही सोडलं," मी म्हणालो.

"मंग तुहा काय दोष, बाप्पा," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढायला उठली.