खड्डा दाखवणारा हात

चालता चालता तो डावा हात मागं न्यायचा, बोट खाली करायचा आणि म्हणायचा, "खड्डा. जपून." सायकलवाल्यांची ती रीतच आहे म्हणे. पुढच्यानं खड्डा दाखवायचा, मागच्यानं त्याच्या मागच्याला. पण याच्या अंगात ती इतकी भिनली होती की आमच्या जिन्यातली ती फुटकी पायरी आली, की मागं बायको असो, दूधवाला असो नाहीतर मी, हात खाली गेलाच म्हणून समजा.

मोशीला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा बीडकडचा. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दरवाजांवर रंगाचा ओरखडा राहिलाय का, ते बघायचं काम. सुट्टीच्या दिवशी मात्र पोरं जमवून राजगुरुनगरपर्यंत सायकल मारायची आणि परत येताना माझ्या खाणावळीत पोह्यांवर तुटून पडायचं. त्यांच्या त्या शर्यतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. आधी पोहायचं, मग सायकल, मग लगेच पळायचं, सगळं एका दमात. मी एकदा विचारलं, "अरे, कुणी कुत्रं मागं लागलंय का तुमच्या?"

"मावशी, एकदाच पुरी करायची हाय," तो म्हणाला. "मग बसतो की घरी."

मला वाटलं, बायकोची समजूत काढायला म्हणत असेल.

चाकण रोडचा एकेक खड्डा त्याला पाठ. पावसाळ्यानंतर नवं डांबर पडलं, तरी हा जुन्या जागी हात खाली करतच राहिला. पोरं पोहे खाताखाता चिडवायची, "भाऊ, तो खड्डा कधीच भरला, राव! आता तरी त्याला सोडा!" तोही हसायचा. आम्ही सगळेच हसायचो. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

थंडीत या मंडळींनी राजस्थानात, वाळवंटात सरावाला जायचं काढलं. भाकरी-पिठलं करायला मला बरोबर घेतलं. जैसलमेरच्या पुढचा तो रस्ता म्हणजे ताणून बांधलेला दोरा. सकाळी हात असे गारठायचे की पीठ मळवत नसे. मी मागच्या टेम्पोत, पाण्याचे कॅन आणि उकडलेले बटाटे सांभाळत. सगळ्यात पुढं तो. टेम्पो जवळ गेला की ओरडायचा, "बघा मावशी! ना कंटेनर, ना हॉर्न!" इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. हे पोरगं शर्यत पुरी करणार, असं मलासुद्धा वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी वारं सुटलं. वाऱ्यानं वाळू रस्त्यावर ओढून आणली होती, आडवी, चांगली घोटाभर. मला टेम्पोतून दिसली. ड्रायव्हरला दिसली. त्याचा हात मात्र खाली गेला नाही. तो तसाच वाळूत घुसला, डगमगला आणि कसाबसा पार झाला. त्याच्या मागं चाकाला चाक लावून थेरगावची एक मुलगी होती, ती आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

टेम्पोतून उतरून त्यांचा कोच धावत आला. "हात का नाही केलास?"

"दिसलं नाही."

"एवढी वाळू दिसली नाही? डोळे मिटून चालवत होतास काय?"

 तो हातमोजे काढून नुसता उभा राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, मी त्याला ताट वाढलं. भाकरी ताटाच्या कडेला होती आणि त्याचा हात ती शोधत जमिनीवर फिरत होता. मी भाकरी उचलून त्याच्या हातात दिली. 

"कधीपासून रे?"

"दीड-दोन वर्षं. कडंनं काळं होत चाललंय, मावशी. समोरचं नळीतून बघितल्यागत तेवढं दिसतंय. बाजूचं न्हाई, पायाखालचं न्हाई."

"आणि चाकण रोडला चालवत होतास?"

"तो पाठ हाय. पण बाजूनं कंटेनर कधी येतोय, कळंना झालं. म्हटलं, वाळवंटात बाजूला काहीच नसतंय. तिथं तरी होईल सराव. डोळे जायच्या आत तेवढी एक शर्यत..."  भाकरी तशीच हातात राहिली.

परत आल्यावर दोन-तीन डॉक्टर झाले. सगळ्यांनी एकच सांगितलं, हे बरं होण्यातलं नाही. ज्याला डोळ्यासमोरचा दरवाजा अख्खा दिसेना, त्याला ओरखडे बघायला कोण ठेवणार? कंपनी सुटली. शर्यत झाली, तेव्हा हा घरी होता. थेरगावच्या मुलीचं हाड जुळलं, पण ती याचा फोन घेत नव्हती. पोरं एक-दोनदा आली, मग तीही यायची थांबली. सायकल गॅलरीत उलटी ठेवलेली असायची. हा तिच्याजवळ बसून हातानं पेडल फिरवायचा. चाकाचा तो किर्रर्र आवाज खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. थांबला की वाटायचं, फिरव रे बाबा. चाक फिरायला लागलं की ऐकवायचं नाही.

शेवटी नवरा-बायको दोघांनी गावी जायचं ठरवलं. तिकडं तरी काय होतं त्याचं? एक भाऊ आणि एक खाट.

निघाले त्या दिवशी बायको सामान घेऊन आधीच खाली गेली होती. तो भिंतीला हात लावत उतरत होता आणि मागं मी, हातात शिदोरीची पिशवी. ती पायरी आली. सोसायटीनं महिन्याभरापूर्वीच तिथं नवी फरशी बसवली होती. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्याचा डावा हात मागं आला, बोट खाली झालं.

"खड्डा. जपून, मावशी."

"हो रे बाबा," मी म्हटलं आणि ती धड पायरी ओलांडून त्याच्या मागं खाली उतरले.