सर्वांत उबदार डबा

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर बाबांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली आल्या, तेव्हा डॉक्टरांनी आईला नव्हे, मला समोर बसवून पथ्य सांगितलं. शिळं नको, कच्चं नको, बाहेरचं नको. साधे जुलाबही या अवस्थेत जिवावर बेतू शकतात. मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करत होते. उपचारांसाठी आई-बाबा नागपूरहून माझ्या मल्लेश्वरममधल्या दोन खोल्यांत आले, त्या दिवसापासून तिथलं स्वयंपाकघर मी आईचं होऊ दिलं नव्हतं. कोणत्या डब्यात काय, कधी शिजवलेलं, किती वेळ बाहेर होतं, याची उत्तरं ती मला देत असे. तीस वर्षं संसार केलेली बाई, पण देत असे.

नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात वीज रोजच जायची. तासा-दोन तासांत यायची. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता गेली ती गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळून. खांबावर चढलेल्या लाइनमनने संध्याकाळशिवाय आशा नाही असं सांगितलं. बंद दाराचा फ्रिज चार तास तग धरतो. मी प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर आत ठेवला, दार लावलं आणि कागदावर वेळ लिहून खाली ‘उघडू नये’ असं ठळक लिहून चिकटवलं.

खाटेवरून बाबांनी ते वाचलं. “फ्रिजलाही आता भेटीची वेळ ठरली म्हणायची.”

तीन दिवसांनी ते काही गमतीचं बोलले होते. तोंड आतून सोलून निघालं होतं. गरम घोट सोसत नव्हता, मऊही गिळवत नव्हतं. तीन दिवस शहाळ्याच्या पाण्यावर काढल्यामुळे पुढची फेरी देता येईल की नाही, हाच प्रश्न होता. काहीही करून त्यांनी खावं, एवढंच त्या घरात महत्त्वाचं उरलं होतं. मी चपला घालत असताना ते आईला म्हणाले, “साबुदाण्याची खीर खाईन म्हणतो. पातळ. अगदी गार.”

“वीज आली की करू हं, बाबा,” मीच उत्तर दिलं आणि संस्थेत गेले. माझ्या प्लेटांवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके मोजायचे होते. दोन महिन्यांनी शोधनिबंध पाठवायचा होता.

परतले तेव्हा तीन वाजले होते. आई आतल्या खोलीत बाबांचं अंग पुसत होती. वीज नव्हतीच. सहा तास झाले होते, म्हणजे निर्णय आधीच झालेला होता. मी दार उघडलं ते केवळ अंमलबजावणीसाठी. पारा चौदावर. वरण मोरीत ओतलं, दही ओतलं, चिरलेली पपई केराच्या बादलीत टाकली. बर्फाच्या कप्प्याखाली मागच्या बाजूला स्टीलचा एक डबा होता. हाताला तो बाकीच्यांपेक्षा स्पष्ट उबदार लागला. सर्वांत उबदार, म्हणजे सर्वांत धोक्याचा, असं मी ठरवलं. सर्वांत उबदार म्हणजे सर्वांत ताजा, हा त्याच निरीक्षणाचा दुसरा अर्थ मनाला शिवलाच नाही. पांढरं, पातळसर काहीतरी होतं; नीट न पाहताच मोरीत ओतलं. मी नळ सोडला.

आई वाटी आणि चमचा घेऊन बाहेर आली.

“डबा कुठाय गं?”

“कुठला? मी सगळं टाकलं. सहा तास झालेत, आई.”

“अगं, ती खीर होती. ह्यांची.” ती मोरीकडे बघत राहिली. “काहून टाकलंस गं? आत्ता दीड वाजता केली मी. परातीत पाणी घालून निववली, मग जराशी गार व्हावी म्हणून आत ठेवली. तो बर्फ अजून पुरता विरघळला नव्हता.”

“मला सांगायचंस ना!”

“तू उघडू नको म्हणून लिहून ठेवलेलंस. पुन्हा बोलली असतीस.”

दूध तिने खालच्या घरमालकिणीकडून आणलं होतं. अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथेच, कानडी मुलखात, राहिलेल्या मराठी घरातल्या. मी पातेली घेऊन खाली धावले.

“सगळं दिलं की गो तुझ्या आईला,” अक्का म्हणाल्या. “आता संध्याकाळचं येईल तेव्हा. स्वल्प थांब. काय झालं? मांजरीनं सांडलं?”

“मी टाकलं.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “सरी,” बरं, एवढंच कानडीत म्हणाल्या. एरवी ‘घरात पण लॅब करते ही’ म्हणून हसणाऱ्या त्या बाई हसल्या नाहीत.

मधल्या वेळात आईने तांदळाची पेज करून निववली. बाबांनी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि रुमालात सोडला. सहाच्या सुमाराला दूध आलं. आईने खीर पुन्हा केली, भांड्याला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत वारा लागेल अशी ठेवली. फडकं सुकू नये म्हणून मी पाणी शिंपडत उभी होते. खीर चांगली गार झाली. तेवढ्यात दिवेही आले.

बाबांनी वाटीकडे पाहिलं आणि मान वळवली. “आता नको. तेव्हा वाटलं होतं.” माझा चेहरा पाहून त्यांनी पुन्हा मान इकडे केली, चमचाभर खाल्ली आणि म्हणाले, “छान झालीय.” दुसरा चमचा घेतला नाही.

वजन उतरत राहिल्यामुळे पुढची फेरी लांबली, मग पुन्हा लांबली. त्या एका डब्याने काही फरक पडला असता, असं मी म्हणू शकत नाही. एका वाटीवरून असला निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी स्वतः नापास करीन. मात्र त्यानंतर बाबांनी कोणताही पदार्थ नाव घेऊन मागितला नाही. समोर येईल त्यातलं जमेल तेवढं घेत, पावसाळा सरेपर्यंत राहिले.

तिथून पुढे आई मला न विचारता फ्रिजला हात लावेनाशी झाली. वीज असली तरीही. मी आतल्या खोलीत लिहीत बसलेली असे, ती दाराशी येऊन उभी राहायची, पदराला हात पुसत विचारायची, “दूध काढू का गं?” काढ ना आई, असं मी म्हटलं की काढायची. बाबांच्या तेराव्याला पाहुणे बसलेले असतानाही तिने ते सगळ्यांसमोर विचारलं.