अड्याळकडचा कानोबा

नारळ मी आयुष्यात खूप फोडले, पण श्रद्धेने एकही नाही. पवनीच्या एका कापड दुकानात थान उलगडून दाखवण्यापासून माझी सुरुवात झाली आणि देशभर दुकाने असलेल्या एका कंपनीचा मी मुख्य अधिकारी झालो. प्रत्येक नव्या दुकानाची पूजा माझ्याच हातून होई. फोटो बिघडू नये म्हणून कार्यक्रमवाले नारळ आधीच तडकवून आणत. तो पहिल्याच फटक्यात फुटला की टाळ्या पडत. देवाशी माझा व्यवहार एवढाच.

मग संचालकांनी मला काढले. पत्रकात मात्र छापले की कुटुंबाला वेळ देण्यासाठी मी पद सोडतो आहे. थोड्याच दिवसांत बायकोच्या पोटात गाठ निघाली. कंपनीने खोटे बोलता बोलता माझे भविष्य अगदी बरोबर सांगितले होते.

नागपुरात ऑपरेशन ठरले ते नेमके कानोबा शिरवायच्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी. जन्माष्टमीला आमच्याकडे घरोघरी मातीचा कृष्ण बसतो, तो कानोबा. दुसऱ्या दिवशी त्याला तळ्यात सोडतात. बायकोच्या माहेरी, अड्याळजवळच्या खेड्यात, तो जावयाने डोक्यावरून न्यायची रीत. आजवर माझ्या वतीने मेहुणाच नेत असे. या वेळी मीच न्यावा म्हणून ती अडून बसली. मी म्हणालो, तुला अशी सोडून कसा जाऊ?

"इथं बसून का करान? डॉक्टरले टार्गेट देऊन राहिले का?" ती म्हणाली. "जा तिकडं. मुलगी आहे माह्याजवळ."

मी गेलो, पण चिडून. चिखलाने निसरड्या झालेल्या तळ्याच्या पाळीवर अनवाणी चालत होतो. डोक्यावर पाट, पाटावर कानोबा. पाळ अर्धी ओलांडली आणि खिशातला फोन वाजला. ऑपरेशन सुरू असणार, फोन दवाखान्यातलाच, या धास्तीने मी एक हात सोडला. पाट कलला, पाय घसरला. कानोबा जाणारच होता, तेवढ्यात मागून येणाऱ्या एका अनोळखी बाईने पाट धरला. तिच्या स्वतःच्या डोक्यावर तिच्या घरचा कानोबा होता. तो तिने दुसऱ्या हाताने सावरला होता.

"जवाईबापू, कोठी पाहून राहिले? दोन्ही हात लावा."

"दवाखान्यातून असेल. बायकोचं ऑपरेशन आहे."

"तिच्यासाठीच त आले ना? मंग वाजू द्या. याले पोचवा आधी."

फोन वाजतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो वाजू दिला. ती पाटाला हात लावून पाण्यापर्यंत सोबत आली. कानोबा विरघळून दिसेनासा झाला तेव्हा वळून पाहिले, तर ती पाळीवरच्या गर्दीत मिसळून गेली होती. मेहुण्यालाही ती ओळखू आली नाही. ती कोण, यावर मी तर्क लढवत नाही.

मग फोन पाहिला. तो कंपनीचा होता. कंपनीची गाडी कधी परत करता, असा मागून मेसेजही आला होता. यासाठी मी देव पाडणार होतो.

मुलीला फोन लावला. "आई बाहेर आली, बाबा. शुद्धीवर येऊन पहिलं हेच विचारलं, 'कानोबा नेला का त्याईनं?'"

गाठ पूर्ण निघाली नव्हती. पुढच्या कानोबाला बायको नव्हती. लोक विचारतात, मग देवाने काय दिले? कडवट उत्तर जिभेवर येते, पण मी ते गिळतो. मधल्या हिवाळ्यात आम्ही दोघे रोज अंगणात ऊन खात बसायचो. तिने मला वरण फोडणीला टाकायला शिकवले आणि प्रत्येक वेळी नावे ठेवली. इतका वेळ मी तिला कधी दिला नव्हता.

त्या दुपारी पाण्यात उभा असताना मी तिच्यासाठी काही मागितलेच नाही. कानोबाला पडू न देण्याच्या गडबडीत मागायचे राहून गेले. मागितले असते, तर आज त्याच्यावर रुसून बसलो असतो. आता रुसायला जागा नाही. त्याच्यापुढे उभा राहतो, तिची आठवण काढतो आणि हात जोडतो.